नाव सांगा, आजी

दवाखान्यात कोणी तुमचं नाव विचारलं तर खरं सांगा. एवढं एकच सांगायला मी बसलेय. आजारपण काय, म्हातारपणी सगळ्यांनाच येतं, त्याचं कौतुक कशाला? पण ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती, तर माझा आणि आणखी एका बाईचा जीव टांगणीला लागला नसता.

मी बोलतेय आणि माझी सून सुनीता लिहून घेतेय. मी स्वतः लिहायला बसले तर पुढच्या गणपतीपर्यंत संपायचं नाही. सुनीताने आधीच बजावलंय, "आई, शिव्या मी गाळणार." गाळ बाई. पण बाकीचं जसं सांगते तसं लिही.

चाळीचा पंप

लालबागला आमची चाळ, तिसऱ्या मजल्यावर खोली. आमचे हे गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, आणि मी त्याच खोलीत खानावळ चालवायचे. कोकणातून एकटे आलेले पोरगे दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचे. मला सगळे परबीण म्हणायचे. शेवंता हे माझं नाव, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. नवऱ्यानेही कधी त्या नावाने हाक मारली नाही, "ऐकलंस काय" एवढंच.

मग संप झाला. त्यात किती घरं बसली ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. ह्यांना गिरणीने परत घेतलंच नाही. बरीच पोरं गावी गेली, जी राहिली त्यांना मी जमेल तशी पेज-भात वाढत राहिले. त्या दिवसांत पोलीस पोरांना शोधत चाळीत शिरायचे. एकदा एक पोरगा माझ्याकडे ताटावर बसलेला, आणि दारात हवालदार. "हा कोण?" मी पटकन म्हटलं, "माझा धाकटा भाऊ. तापाने फणफणलाय, हात लावून बघा." स्टोव्हला पाठ लावून बसल्यामुळे अंग तापलेलंच होतं त्याचं! हवालदार गेला, आणि पोरगा वाचला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गणवेशातल्या माणसाने विचारलं की आधी आपल्या माणसाला झाकायचं, खरं-खोटं मागाहून. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण तेच पुढे नडलं.

ह्या गोष्टीला खूप वर्षं झाली. हे गेले, खानावळ बंद झाली, गिरणीच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. मुलगा प्रकाश कुरिअरच्या नोकरीला लागला, सुनीता दादरला साड्यांच्या दुकानात. आणि एका वर्षी शिमग्यानंतर मला दम लागायला लागला. जिना चढताना आधी दुसऱ्या मजल्यावर थांबायची, पुढे पुढे पहिल्यावरच. कोणी बघितलं तर म्हणायचं, "खालच्या सुर्वेबाईशी बोलत होते." आडवं झोपलं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा टाकायची. कोणाला सांगितलं नाही. कशाला? दोघं सकाळी डबे घेऊन पळणार, त्यांच्या गळ्यात आणखी माझं लोढणं कशाला?

एका रविवारी सुनीताने माझे पाय पाहिले. बोट दाबलं तर मळलेल्या कणकेत रुतावं तसा खड्डा पडला, आणि तो भरेचना. तिने तिथल्या तिथे टॅक्सी बोलावली आणि मला परळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं माझ्या घरच्यासारखी आहेत.

डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलायला गोड. म्हणाला, "आजी, हृदयाचं पंपिंग कमी झालंय. त्यामुळे पायांत आणि छातीत पाणी साचतंय."

मला ते लगेच कळलं. आमच्या चाळीचा पंप धापा टाकायला लागला की वरचे नळ नुसते फुसफुसतात आणि खाली पाणी तुंबतं. मी विचारलं, "नवा पंप बसतो का?"

तो हसला. "नवा नाही बसणार. पण जुन्याला सांभाळलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, मीठ कमी केलं, तर पुष्कळ चालेल."

मी पण हसले, आणि आतून गार पडले. मरणाची भीती वाटत नाही असं म्हणणारी माणसं थापा मारतात. मला वाटली. समोरच्या भिंतीवर पाल होती, तिच्याकडेच बघत बसले.

बाहेर आल्यावर सुनीता फुटली. "किती महिने लपवलंत? तुम्हाला कोणाला त्रास द्यायचा नसतो, आई, आणि म्हणून शेवटी सगळ्यांनाच होतो!" भर दवाखान्यात, लोकांसमोर! मला इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. (ती म्हणतेय, "तीन." बरं, तीन.)

वॉर्ड

मला तिथेच दाखल करून घेतलं. मोठा हॉल, दोन्ही बाजूंना खाटा, आणि सगळ्या माझ्यासारख्या म्हाताऱ्या. पहाटेपासून गडबड. कोणाचं प्रेशर बघ, कोणाला कुशीवर वळव, कोणाची चादर बदल. एवढ्या बायकांना सिस्टर किती? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्याच. एक म्हातारी सारखी खाटेवरून उतरून "माझी गाडी चुकेल" म्हणत दाराकडे निघायची. तिला एक सिस्टर रोज हाताला धरून परत आणायची आणि सांगायची, "गाडी लेट आहे, मावशी, बसा." न चिडता, रोज. मला तर पहिल्याच दिवशी तिला दोन शब्द सुनवावेसे वाटले होते.

माझी खाट होती खिडकीकडे. चांगली जागा, बाहेर मोठं झाड. पण पाणी काढायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मला सारखी लघवीला लागायला लागली, नि बाथरूम पार दुसऱ्या टोकाला. सिस्टर सांगायच्या, "आजी, एकट्या उठू नका. हाक मारा, आम्ही येतो." पण हाक मारायला जीभ वळायला हवी ना? जिने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, तिने परक्या पोरीकडे लघवीचं भांडं मागायचं? मी भिंतीला धरून जायची. एकदा वाटेतच डोळ्यांपुढे अंधारी आली. आयाबाईने काखेत हात घालून सावरलं म्हणून, नाहीतर कंबरच मोडायची. ती बिचारी ओरडली, आणि मी तिलाच म्हटलं, "ओरडू नको, सिस्टरला कळेल."

बाथरूमच्या भिंतीला लागून हिराबाईची खाट. वरळी कोळीवाड्यातली, जन्मभर मासळी विकलेली, आवाज असा की हळू बोलली तरी अख्ख्या वॉर्डाला बातमी. तिला साखर होती आणि पायाची जखम चिघळली होती. तिचं दुःख माझ्या उलट. "गो बाय, मना हिते झोप नाय येत. आमच्याकडे दार उघडला का दर्या. हिते वारा नाय, नुसता फिनेलचा वास."

मी म्हटलं, "माझ्याकडे वारा आहे, पण मोरी लांब."

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. खाटा बदलायचं तिथेच ठरलं.

आता कोणी म्हणेल, विचारायचं नाही का? अहो, आम्ही चाळीतली माणसं. एकाकडे पाहुणे आले की त्याची पोरं दुसऱ्याच्या खोलीत झोपतात. हिच्या दारात त्याची सायकल, त्याच्या गॅलरीत हिचे पापड. त्याला परवानगी कोण मागतं?

दुपारी जेवणं झाली. सकाळच्या आणि दुपारच्या सिस्टर टेबलापाशी उभ्या राहून एकमेकींना पेशंट समजावून देत होत्या. तेवढ्यात आम्ही काम उरकलं. उशी, बाटली, चपला, माझी अंगाऱ्याची पुडी, तिची तपकिरीची डबी, सगळं इकडचं तिकडे. ती लंगडत, मी धापा टाकत. इतकं हसू येत होतं की काय सांगू! शाळेतल्या पोरींसारख्या आम्ही.

गोळ्यांच्या वाट्या तेवढ्या जिथल्या तिथे राहिल्या. जेवणानंतर घ्या म्हणून सिस्टरने त्या खाटांशेजारच्या कपाटांवर ठेवल्या होत्या. हिराने खिडकीपाशी जाऊन विचारलं, "ह्या गोळ्या कोनाच्या गो?"

आणि मी शहाणी म्हणाले, "दवाखान्याच्या! सगळ्या सारख्याच पांढऱ्या. गिळ आणि झोप."

तिने तिथल्या गिळल्या, मी इथल्या.

हो, मीच

संध्याकाळचं जेवण यायच्या आधी एक सिस्टर ट्रे घेऊन माझ्या नव्या खाटेपाशी आली. हिचं नाव कल्पना. रजेवरून त्याच दिवशी आली होती, त्यामुळे आम्हा कोणाचे चेहरे तिला ठाऊक नव्हते. तिने खाटेचा नंबर बघितला, पायथ्याचा कागद बघितला.

"हिराबाई पांडुरंग कोळी. तुम्हीच ना, आजी?"

मी खिडकीकडे पाहिलं. हिरा तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती, वाऱ्याने केस उडत होते. किती दिवसांनी तिला झोप लागलेली. मी "नाही" म्हटलं असतं तर दोघींची वरात परत जुन्या जागी. आणि समोर उभा पांढरा गणवेश.

"हो, मीच," मी म्हटलं.

"पूर्ण नाव सांगा बघू."

"हिराबाई पांडुरंग कोळी. ऱ्हाणार वरळी." नाव तिनेच माझ्या तोंडात घातलं होतं, मला काय कठीण? वर कोळणीचा हेल काढून दाखवला.

मला घाम फुटला होता, हात लटलटत होते. म्हटलं, बघ शेवंते, ह्या वयात खोटं बोललीस त्याची शिक्षा. कल्पना सिस्टरने इंजेक्शन देण्यासाठी माझा दंड धरला आणि थांबली.

"आजी, अंग एवढं ओलं का? गरगरतंय का?"

"काही नाही गं. दे तू."

"थांबा. आधी साखर बघते."

तिने बोटाला टोचलं, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. इंजेक्शन परत ट्रेमध्ये ठेवलं. माझ्या पायांवरची चादर बाजूला केली. पाय सुजलेले, पण जखम नाही, पट्टी नाही.

तिने आवाज चढवला नाही. खाली वाकून माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

मी चादर परत पायांवर ओढली.

"मी रागावणार नाही. पण हे इन्सुलिन तुमचं नसेल आणि मी टोचलं, तर तुम्ही माझ्या हातात जाल. खरं सांगा."

"परबीण," मी म्हटलं. "आम्ही खाटा बदलल्या. तिला वारा हवा होता. तिला उठवू नको, ती आत्ताच झोपलीय."

"दुपारच्या गोळ्या? त्या कोणी कोणाच्या घेतल्या?"

तेव्हा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "जिथे ज्या होत्या त्या."

ती माझ्या तोंडाला साखरेचं पाणी लावत होती आणि त्याच वेळी मान वळवून ओरडली, "खिडकीकडच्या पेशंटचं प्रेशर बघा! आधी तिचं बघा!" माझ्या प्रेशर उतरवायच्या, पाणी काढायच्या गोळ्या हिराच्या पोटात गेल्या होत्या, आणि हिराची साखर उतरवायची गोळी माझ्या. माझा तो घाम खोटं बोलण्याचा नव्हताच.

दोघी सिस्टर हिराकडे धावल्या. "हिराबाई! हिराबाई!" ती नुसती "अं" म्हणाली. कोणीतरी तिचे पाय उशांवर उचलून ठेवले, कोणीतरी डॉक्टरला बोलवायला पळालं, पडदा ओढला गेला. मी ज्या झोपेकडे बघून खूश होत होते, ती झोप नव्हती.

मी गोड पाण्याचा पेला धरून बसले होते. रवळनाथाला म्हटलं, देवा, त्या हवालदाराला फसवलं तेव्हा तू पाठीशी होतास. आज ह्या पोरीला फसवलं, ते माझ्या पदरात टाक, त्या बाईच्या नको. कल्पना सिस्टर जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सगळं प्या. तुम्ही पण पेशंट आहात." एवढं बोलून पडद्याआड गेली.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मला तो फार वाटला. जेवणाची गाडी आली, ताटं वाजली, कोणी जेवेना. सगळ्या म्हाताऱ्या त्या पडद्याकडे बघत बसलेल्या. गाडी चुकणारी मावशीसुद्धा खाटेवरून उतरली नाही.

आणि मग पडद्याआडून आवाज आला. "मेल्यांनो, मना कशाला हलवता? इतक्या दिसांनी डोला लागलेला!" त्याच्यापुढे एक अस्सल बंदरावरची शिवी, ती सुनीता गाळणार. अख्खा वॉर्ड हसला. मी मात्र पदर तोंडात कोंबून रडले.

मागितलं असतं तर

रात्रीच आम्हा दोघींना जुन्या खाटांवर परत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर आल्या, वॉर्डाच्या इन्चार्ज. मी बोलणी खायला तयार बसले होते. त्यांनी आधी आपल्या पोरींना जवळ बोलावलं. गोळ्या खाटेशी कोणी ठेवल्या ते विचारलं, आणि लगेच हेही विचारलं, की त्या वेळी तिच्या एकटीवर किती पेशंट होते. ज्या सिस्टरने ठेवल्या होत्या तिचे डोळे भरले. कल्पना सिस्टर आपणहून म्हणाली, "माझंही चुकलं. मीच नाव वाचून दाखवलं आणि मग विचारलं तुम्हीच ना. आजींनी नुसतं माझंच मला परत दिलं."

तिला वाचवायला मी तोंड उघडलं, "नाही हो, मीच खोटं..." तशा मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, इथे कोणाला पकडायचं नाहीये. पुन्हा होऊ नये एवढंच बघायचंय."

त्या दिवसापासून गोळ्या खाटेशी ठेवणं बंद. सिस्टर समोर उभी राहून द्यायची. सगळ्यांच्या मनगटाला चिकटपट्टीवर नाव लिहून बांधलं. आणि नाव वाचून दाखवायचं नाही, पेशंटला विचारायचं, "नाव सांगा, आजी." बहिरीलाही, विसरभोळीलाही, तिच्या घरच्याला जवळ घेऊन. वॉर्डातल्या बायका पहिले दोन दिवस लाजल्या. मग अशी चढाओढ लागली की जी ती माहेर-सासर, गाव, तालुका सगळं सांगायची.

मोठ्या सिस्टरनी जाता जाता मला विचारलं, "खाट का बदलली?" मी सांगितलं, मोरी लांब पडते. हिराने सांगितलं, वारा लागत नाही.

"मग बदलू की," त्या म्हणाल्या.

"आं?"

"त्यात काय? कागद, नंबर, गोळ्या, सगळ्यासकट बदलू. मला सांगायचं होतंत फक्त."

आणि खरंच बदलल्या! मी तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. एवढं लपवलं, दोघींचा जीव गेला असता, आणि वस्तू नुसती मागितल्यावर मिळत होती.

संध्याकाळी सुनीता आली. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिने आधी कपाळाला हात लावला, मग माझ्यावर ओरडली, मग खाटेच्या कडेला बसून रडली. माझी वेणी सुटली होती, ती घालायला लागली. मग म्हणाली, "आई, घरी दम लागला तर सांगाल?"

"सांगेन."

"मी दुकानात असले तरी?"

"दुकानात फोन करीन. सांगीन, गिऱ्हाईक सोड आणि ये."

"असंच सांगा," ती म्हणाली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी बरी होऊन घरी जाणार. त्यानंतर मी भांडंही मागितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली. सिस्टर आली, पडदा ओढला, काम झालं. जगबुडी झाली नाही.

आता

आता मी बरी आहे. जिना थांबत-थांबत चढते आणि का थांबले ते खरं सांगते. सुक्या बांगड्याचं मात्र नाव काढायचं नाही, मिठामुळे. तेवढं एक दुःख आहे.

तपासणीला दवाखान्यात जावं लागतं. हिराची आणि माझी एकच तारीख आम्ही मागून घेतलीय. बघा, मागितली! तिचा पाय भरून आलाय, काठी घेऊन येते आणि बाकावर माझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरते. गेल्या खेपेला कल्पना सिस्टरची ड्युटी रक्त काढायच्या खोलीत होती. मला बघून तिचं तोंड फुललं. "कशा आहात? सुनीताताई आल्या नाहीत? पाय बघू, सूज नाही ना?" सगळी चौकशी केली, माझी बाही वर सरकवली, सुई हातात घेतली. आणि थांबली.

"नाव सांगा, आजी."

"अगो, आत्ता सुनेपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन विचारलंस! ओळखत नाहीस काय मला?"

"ओळखते," ती म्हणाली. "चांगलीच ओळखते. म्हणून तर विचारते."

खोलीतली माणसं हसली. मी मात्र ताठ बसले. जन्मभर मी परबीण, खानावळवाली, प्रकाशची आई. ह्या एका पोरीला दर वेळी माझं नाव हवं असतं, आणि ते माझ्याच तोंडून.

"शेवंता बाबाजी परब," मी म्हटलं, दारापर्यंत ऐकू जाईल असं.

आणि बाहेर बाकावरून, रांगेतल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, बंदरावरचा तो आवाज आला, "लिवून घ्या सिस्टर! ती शेवंता! हिराबाई मी हाय, मी!"